आवाज तुटतो तेव्हा कॉम्प्युटर कुठे अडलाय ते शोधा

गाणं सुरू असताना मध्येच टक् टक् होतं, व्हिडिओतला माणूस बोलता बोलता अडखळतो, ब्राउझर उघडला की स्पीकर खरखरतात. त्याच कॉम्प्युटरबद्दल ‘फार स्लो झालाय’ अशीही तक्रार असते. मग आवाजासाठी नवे स्पीकर येतात आणि वेगासाठी फॉरमॅट मारला जातो. बऱ्याच घरांत या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं, आणि ते आवाजावरून लवकर सापडतं.

कारण असं. विंडोज आवाजाचे बारीक तुकडे करून साउंड कार्डाला पुरवत असतं. नेहमीच्या व्यवस्थेत एक तुकडा 10 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने (48,000 हर्ट्झ) या हिशेबाने 480 नमुन्यांचा. हातातला तुकडा वाजून संपायच्या आत पुढचा तयार असावा लागतो. एखाद्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर थोडा जास्त वेळ अडवला किंवा डिस्ककडून माहिती यायला उशीर झाला, तर तेवढी जागा रिकामी जाते आणि कानाला ‘टक्’ ऐकू येतं. डोळ्याला 20 मिलिसेकंदांची अडखळ जाणवत नाही, कानाला लगेच जाणवते. म्हणून कॉम्प्युटर उघडपणे स्लो वाटायला लागण्याच्या बऱ्याच आधी आवाज तुटायला लागतो.

पण आवाजाची प्रत्येक तक्रार या जातीची नसते. आवाज अजिबात येत नाही, फोनवर बोलल्यासारखा येतो, मागे सतत गुणगुण असते, की मधूनमधून तुटतो? चारही वेगळी दुखणी आहेत. आधी जात ओळखली तर निम्मं काम होतं.

आवाजच नाही

एचडीएमआय केबलने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोजला तो एक नवा स्पीकर दिसतो आणि आवाज परस्पर तिकडे वळतो. मॉनिटरमध्ये स्पीकर नसले तर शांतता. विंडोज 11च्या हल्लीच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणं एकदम दाबली की आवाज कुठे जातोय त्याची यादी समोर येते, तिथून बदला. विंडोज 10 मध्ये घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं की वर नाव दिसतं. एकाच प्रोग्रॅमचा आवाज येत नसेल तर व्हॉल्यूम मिक्सर उघडून त्याची पट्टी खाली गेलीय का ते बघा.

यादी बरोबर असूनही आवाज नसेल तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा आणि विंडोज ऑडिओ ही सेवा रीस्टार्ट करा. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, आणि मशीन रीस्टार्ट. ड्रायव्हर पुन्हा घालायची वेळ आली तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ करून देणारी सॉफ्टवेअर्स घरात घेऊ नका. चालू असलेला ड्रायव्हर बिघडवण्यात त्यांचा हात मोठा असतो.

डेस्कटॉपच्या मागे हिरवं सॉकेट स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. मागे आवाज येतो पण कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटला येत नाही, असं असेल तर साफसफाईत आतली वायर निघालेली असण्याची शक्यता दाट. ती मदरबोर्डवर ‘एचडी ऑडिओ’ किंवा ‘एफ-ऑडिओ’ लिहिलेल्या नऊ पिनांच्या जागी बसते. शेजारी यूएसबीचीही नऊ पिनांचीच जागा असते आणि दोन्ही सारख्याच दिसतात. फरक रिकाम्या जागेचा: ऑडिओमध्ये आठव्या क्रमांकाची पिन नसते, यूएसबीमध्ये नववी. वायर जोर लावून बसवावी लागत असेल तर जागा चुकली आहे असं समजा.

मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कारण तिच्यात माइकही असतो. स्पीकर आणि माइक अशी दोन वेगळी सॉकेट असलेल्या कॉम्प्युटरला तो चालवायचा तर एका बाजूला एक सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना असलेला स्प्लिटर घ्यावा लागतो. ड्रायव्हर कितीही बदलले तरी त्याशिवाय माइक चालणार नाही.

हे सगळं करूनही अडलं तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी एक चाचणी जरूर करा. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही सिस्टिम लिहून घ्या आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. इन्स्टॉल करू नका, फक्त ‘ट्राय’चा पर्याय निवडा. तिथे आवाज आला तर साउंड कार्ड ठणठणीत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. तिथेही नाही आला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ऑडिओ बंद आहे का ते एकदा बघा. चालू असेल तर सॉकेट किंवा चिप गेलेली असावी. चिप गेली म्हणून मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीवर चालणारं छोटं साउंड कार्ड स्वस्तात मिळतं आणि रोजच्या वापराला पुरून उरतं.

फोनवर बोलल्यासारखा आवाज

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान वाजत असतं, मीटिंग सुरू झाली की तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन खराब नाही, ड्रायव्हरही नाही. जुन्या ब्लूटूथ पद्धतीत दोन वेगळे रस्ते आहेत: एक फक्त ऐकण्याचा, स्टीरिओ आणि चांगल्या प्रतीचा, दुसरा ऐकण्या-बोलण्याचा, मोनो आणि 8 किंवा 16 हजार हर्ट्झचा. कुठल्याही प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक मागितला की सगळा आवाज दुसऱ्या रस्त्याने जायला लागतो. उपाय साधा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. मुलांच्या ऑनलाइन गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासला तर हे करायलाच हवं, नाहीतर गुरुजींचा सूर मुलांपर्यंत नीट पोचतच नाही. एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत ही अडचण सुटत चालली आहे, पण त्यासाठी कॉम्प्युटर आणि हेडफोन दोन्हीकडे ती सोय लागते.

कॉल आला की गाण्याचा आवाज आपोआप बारीक होत असेल तर तो दोष नाही, विंडोजची सवय आहे. विंडोज आणि आर दाबा, एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. जुनी साउंडची खिडकी उघडेल. तिच्यातल्या कम्युनिकेशन्स टॅबवर ‘बाकीचे आवाज 80 टक्के कमी करा’ हा पर्याय निवडलेला असतो. त्याऐवजी ‘डू नथिंग’ निवडा.

ब्लूटूथ आवाज तुटत असेल आणि बाकी कॉम्प्युटर व्यवस्थित चालत असेल, तर आधी ब्लूटूथचा डोंगल (यूएसबीत लावायचं छोटं यंत्र) कुठे लावलाय ते बघा. निळ्या रंगाच्या यूएसबी 3 सॉकेटमध्ये लावलेल्या डिस्कची आणि तिच्या केबलची विद्युत गडबड नेमकी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते. इंटेलने 2012 साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. ब्लूटूथ, वायरलेस माउस आणि जुनं वायफाय त्याच पट्ट्यात चालतात. डोंगलला हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डिस्कपासून दूर आणा आणि वायफाय 5 गिगाहर्ट्झवर घ्या.

गुणगुण

सतत एका सुरात येणारी गुणगुण सॉफ्टवेअरची नसते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण 50 किंवा 100 हर्ट्झच्या खर्जात असते. आवाजाची केबल कॉम्प्युटरच्या बाजूने काढा. गुणगुण तशीच राहिली आणि सुटलेल्या टोकाला बोट न लावताही येत असेल तर स्पीकरच्या आतला कपॅसिटर सुकलाय. केबल काढल्यावर थांबली तर दोष जोडणीत. कॉम्प्युटर एका भिंतीच्या प्लगवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या, असं असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. पुष्कळदा इतकंच पुरतं. लॅपटॉपची गुणगुण चार्जर काढल्यावर थांबते का तेही पाहा. थांबत असेल तर आवाजाच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (गुणगुण अडवणारी छोटी डबी) लावा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर असतानाच स्पीकर भुणभुणतात, दिवसभर ठीक असतात, असं असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याच्या विजेची लाट चौकोनी असते आणि तिचे कंगोरे आवाजात उतरतात. प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही भुणभुण होत नाही.

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी अर्थिंग तपासून घ्या. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडत असतात. अर्थिंग जोडलेलं नसेल तर पत्रा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे 115च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी बारीक असल्याने तो सहसा जिवावर बेतत नाही, पण उद्या आत खरी गळती झाली तर ती वाहून न्यायला रस्ता नाही, असा त्याचा अर्थ. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये 230, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग अजून भेटतात. तसं कधीही करू नका.

तुटणारा आवाज

आता मुख्य भाग. आधी आवाजाच्या सजावटी बंद करा. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तुमचा स्पीकर, आणि तिथे ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ. बास वाढवणं, सराउंड वगैरे कामं प्रत्येक तुकड्यावर प्रोसेसरला करावी लागतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन’ हे नाव सतत बऱ्यापैकी प्रोसेसर खात असेल तर दोष याच सजावटींचा. त्याच पानावर फॉरमॅट 24 बिट, 48,000 हर्ट्झवर ठेवा. 192 हजार ठेवल्याने गाणं अधिक गोड होत नाही, काम तेवढं वाढतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, गाणं लावा, आणि आवाज तुटतो त्या क्षणी कोणता आकडा वर जातो ते पाहा. प्रोसेसर, मेमरी की डिस्क? ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ नावाची ओळही शोधा. ती एरवी एक टक्क्याच्या आतबाहेर असते. ती पाच-दहा टक्क्यांवर बसली असेल तर एखादं हार्डवेअर किंवा त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला सारखा हाका मारतोय.

तो कोण, हे लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर सांगतं. घरगुती वापराला ते फुकट आहे. सुरू करून दहा मिनिटं नेहमीचं काम करत राहा. एका ड्रायव्हरने एका वेळी प्रोसेसर 100 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त अडवू नये अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. हजारांच्या वर आकडे वारंवार दिसले तर तोच गुन्हेगार. त्याच्या फाइलच्या नावावरून विभाग कळतो. एन-डी-आय-एस म्हणजे नेटवर्क; डी-एक्स-जीने सुरू होणारं म्हणजे ग्राफिक्स; स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क; ए-सी-पी-आय म्हणजे वीज आणि बॅटरीची व्यवस्था.

लॅपटॉपमध्ये वायफायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित. खात्री करायला वायफाय पाच मिनिटं बंद करून डिस्कवरचं गाणं वाजवा. तुटणं थांबलं तर कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर घाला. विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा. ए-सी-पी-आय दिसलं तर बायोस अपडेट हा खरा उपाय. तोवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालची ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद डिसेबल करून फरक पडतो का ते बघा. पडला तर कारण पक्कं झालं. पण त्या काळात बॅटरी किती उरली ते कळत नाही, म्हणून तपासून झाल्यावर ती पुन्हा सुरू करा.

लेटन्सीमॉनमध्ये ‘हार्ड पेजफॉल्ट’चा आकडा झपाट्याने वाढत असेल तर ड्रायव्हरांच्या मागे लागू नका. त्याचा अर्थ, हवी असलेली माहिती रॅममध्ये नाही आणि ती डिस्कवरून आणावी लागतेय. इथून आवाजाचा आणि वेगाचा प्रश्न एकच होतो.

अडलं कुठे

फिरती हार्ड डिस्क एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन वाचायला 12 ते 17 मिलिसेकंद घेते. वर सांगितलेला आवाजाचा तुकडा 10चा. सेकंदाला अशी शंभराच्या आतच वाचनं होतात, तर साध्या साटा केबलने जोडायच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) हजारोंनी. विंडोज 10 किंवा 11 फिरत्या डिस्कवर चालवलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसत राहते आणि त्यावर कुठल्याही क्लीनरचा उपाय नाही. माझं स्पष्ट मत आहे: विंडोज फिरत्या डिस्कवर असेल तर आवाज, वेग, सुरू व्हायला लागणारा वेळ, कशाचाही दुसरा उपाय शोधण्यात दिवस घालवू नका. 240 किंवा 500 जीबीची एसएसडी बसवा. दहा वर्षं जुन्या मशीनलाही साटाची एसएसडी बसते, आणि जुनी डिस्क फोटो-गाण्यांसाठी राहू द्या.

त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरवर बघा. 05, सी-5 आणि सी-6 या ओळींतला शेवटचा रकाना शून्य हवा. सी-5 शून्य नसेल तर डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीत, आणि वाचायच्या पुन:पुन्हा प्रयत्नांत सगळा कॉम्प्युटर अडकून राहतो. गाणं दोन-तीन सेकंद एकाच सुरावर अडकून मग पुढे जातं, ते यामुळेही होतं. अशा वेळी बाकी काही न करता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या. सी-7 (केबलमधून माहिती येताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असेल आणि बाकीच्या ओळी शून्य असतील तर डिस्क चांगली आहे, साटाची केबल बदला. हा आकडा मागे येत नाही. वाढायचा थांबला की झालं.

रॅमचं गणित सोपं आहे. 4 जीबीवर विंडोज 11 चालतं असं कागदावर आहे. ब्राउझर, मीटिंग आणि अँटिव्हायरस एकत्र चालवायचे तर 8 जीबी हवीच. रॅमची एकच पट्टी असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर त्याच मापाची दुसरी पट्टी शेजारी घातल्याने दुहेरी फायदा होतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं आणि दोन पट्ट्यांनी तिचा रस्ता रुंद होतो. जुन्या पट्टीवरचा डीडीआर3 की डीडीआर4 हा उल्लेख बघूनच नवी घ्या, एक दुसरीच्या जागी बसत नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत आणि वीस मिनिटांनी आवाज तुटायला लागतो, पंखा ओरडतो, असं असेल तर उष्णता. बहुतेक इंटेल प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर तापमान बघा. कामात 80-85 चालेल, 95च्या पुढे नको. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो, म्हणून डिसेंबरात निमूट चालणारं मशीन मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला रडतं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने काढा, पण पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोतात तो बेफाम फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल तर खालची जाळी बंद होते, आणि मग पेस्ट बदलूनही फरक पडणार नाही.

लॅपटॉपचं एक दुखणं कित्येक दुकानांतही लक्षात येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे स्पीडचा आकडा बघा. कितीही काम दिलं तरी तो 0.4 ते 0.8 गिगाहर्ट्झच्या वर जात नसेल तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप चार्जर ओळखून घेतात. डुप्लिकेट किंवा कमी वॉटचा लावला, किंवा पिनेतली ओळख सांगणारी बारीक तार तुटली, की प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर वेग परत आला तर निदान पक्कं. फॉरमॅट मारून हे जाणार नाही.

त्याच पानावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते लिहिलेलं असतं. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे पंधरा-वीस दिवस दिसले तर नवल नाही. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतं. म्हणून ‘बंद करून चालू केला तरी तसंच’ असं म्हणण्याआधी एकदा रीस्टार्ट करून बघा. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ या अर्थाची लिंक, आणि खालची खूण काढा. एसएसडी असेल तर मशीन सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, इतकंच.